बंद धुराडी पुन्हा धुमसू लागली

इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या छपरांवर धुराडी अजून ओळीने उभी दिसतात. परंतु त्यांतल्या बहुतेकांतून गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत धूर निघालेला नाही. १९६५ साली उत्तर समुद्राच्या तळाशी नैसर्गिक वायू सापडला. पुढच्या दहा-बारा वर्षांत घरोघरची उपकरणे या नव्या वायूसाठी बदलून दिली गेली, स्वयंपाकघराच्या भिंतीवर बॉयलर आला आणि त्यातले गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरू लागले. दिवाणखान्यातली फायरप्लेस तेव्हापासून नुसती शोभेची वस्तू झाली. कोणी तिच्यात वाळक्या फुलांची परडी ठेवली, कोणी मुलांची खेळणी कोंबली. बहुतेकांनी मात्र सरळ फळी ठोकून तिच्यावर भिंतीचाच रंग फासला. ही फळी आता काढली जात आहे. मागे विटांचे जे चौकोनी भोक निघते त्यात ओतीव लोखंडाची, काचेच्या दाराची पेटी बसवायची आणि तिच्यात लाकूड जाळायचे, असा हा नवा शौक आहे. याला शौक म्हणावे की शहाणपण, यावर तिथे मोठा वाद चालू आहे. संसदेत, वर्तमानपत्रांत, डॉक्टरांत आणि अर्थातच शेजाऱ्याशेजाऱ्यांत.

आपल्याला त्याचे काय, असे वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. घर उबदार ठेवणे हा महाराष्ट्रातला प्रश्नच नव्हे. परंतु लाकूड, जाळ, धूर आणि धुराडे यांच्याशी आपले नाते फार जुने आहे. 'सुधारित चूल' या नावाने हाच वाद आपण तीस-चाळीस वर्षे घातला आणि त्यातून हाती आलेले शहाणपण आज इंग्लंडने आपल्याकडून उसने घ्यावे, अशी स्थिती आहे. शिवाय त्या वादात आता मराठी घरेही सापडली आहेत. माझा भाचा उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात, सव्वाशे वर्षांपूर्वी गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांपैकी एकात राहतो. या घरांच्या ओळीला तिथे 'टेरेस' म्हणतात. गच्चीचा त्यात काही संबंध नाही. मागल्या हिवाळ्यात त्याने फोनवर विचारले, "मामा, तुमचा सगळा जन्म कारखान्यातल्या बॉयलरांपाशी गेला. तुम्हीच सांगा, बसवू की नको?" मी म्हटले, आधी मला सगळी माहिती पाठव. त्याने ती पाठवली, मी आणखी मिळवली, आणि प्रश्न वाटला त्याहून अवघड निघाला.

यंत्राच्या बाजूने पाहिले तर उत्तर सोपे आहे. उघड्या फायरप्लेससारखे उधळे साधन माणसाने क्वचितच बनवले असेल. जळणाऱ्या लाकडाला जितकी हवा लागते तिच्या कितीतरी पट हवा ती खोलीतून ओढते आणि धुराड्यावाटे आकाशात सोडते. ही हवा तुम्हीच पैसे खर्चून गरम केलेली असते. तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची बर्फगार हवा आत येते. म्हणून तर फायरप्लेससमोर बसलेल्या माणसाचे गुडघे भाजतात आणि पाठ गारठते. लाकडातल्या उष्णतेपैकी दहा-वीस टक्के खोलीच्या वाट्याला आली तरी पुष्कळ. बाकीची छपरावर बसलेल्या कावळ्यांची. तेच लाकूड बंद पेटीत जाळले तर सत्तर-ऐंशी टक्के उष्णता खोलीत राहते. झडपेने हवा मोजून देता येते. काचेच्या आतल्या बाजूने आणि जाळाच्या वर गरम हवेचा दुसरा झोत सोडलेला असतो, त्यामुळे लाकडातून निघालेला धूर वर जाण्याआधी स्वतःच पेट घेतो. धूर म्हणजे न जळलेले इंधन, हे बॉयलरवर काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. जी गोष्ट डोळ्यांत पाणी आणते ती खरे म्हणजे वाया गेलेली ऊब असते.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत १७४०च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनने फायरप्लेसच्या पोकळीत बसवायची लोखंडी पेटी तयार केली आणि १७४४ साली तिच्यावर पुस्तिका छापली. गव्हर्नरने देऊ केलेले पेटंट त्याने नाकारले. पेटीतला धूर मात्र नीट वर चढत नसे आणि पुढे इतरांना तिच्यात दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्यानंतर पन्नास वर्षांनी आणखी एका अमेरिकन बेंजामिनने, म्हणजे बेंजामिन टॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्डने, लंडनमधल्या फायरप्लेसची खोली कमी करून आणि धुराड्याचा गळा अरुंद करून श्रीमंतांची घरे धुरातून सोडवली. तरीही इंग्रज माणूस उघड्या आगीलाच चिकटून राहिला. जॉर्ज ऑर्वेलसारख्या लेखकाने डिसेंबर १९४५ मध्ये उघड्या आगीची बाजू घेणारा लेख 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये लिहिला. युद्धानंतरच्या नव्या घरांतून फायरप्लेस काढून टाकू नये, कारण कुटुंब तिच्याभोवती एकत्र बसते, हे त्याचे म्हणणे. ते म्हणणे आजही स्टोव्हच्या प्रत्येक जाहिरातीत आहे, फक्त लेखकाचे नाव नसते.

भाच्याने पाठवलेल्या कागदांत सर्वांत रंजक भाग बसवण्याच्या कामाचा होता. नुसती पेटी आत ढकलली की झाले, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. इंग्लंडमधल्या फायरप्लेसचे तोंड साधारण ठरलेल्या मापाचे, सोळा इंच रुंद आणि बावीस इंच उंच असते आणि त्यात चपखल बसतील असे स्टोव्ह बाजारात तयार मिळतात, हे खरे. पण पेटी हा या कामातला सर्वांत सोपा भाग. आधी धुराडे साफ करणारा माणूस येतो. पूर्वी हे काम करायला लहान मुलांना धुराड्यात चढवत. काजळीमुळे त्यांना होणाऱ्या कर्करोगाची नोंद पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ मध्ये केली. पण मुलांना चढवणे खऱ्या अर्थाने थांबायला १८७५चा कायदा यावा लागला. शंभर वर्षे! आता लांब दांड्यांचा ब्रश असतो. चाळीस वर्षे बंद राहिलेल्या धुराड्यातून तो काय काय काढतो! कावळ्याच्या जातीतल्या जॅकडॉ नावाच्या पक्ष्याला धुराड्यात घरटे करायची भारी हौस. तो वरून काटक्या टाकत राहतो, त्यातली एखादी अडकेपर्यंत. पोतीच्या पोती काटक्या निघतात. मग खालून धूर सोडून परीक्षा घेतात. विटांमधला चुना चार पिढ्यांच्या कोळशाच्या धुराने खाल्लेला असतो आणि खाली सोडलेला धूर वरच्या निजायच्या खोलीतून, कधी शेजारच्या घरातूनही बाहेर पडतो.

इथे प्रश्न जिवाचा होतो. लाकूड अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून जुन्या धुराड्याच्या आत वरपासून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलची लवचिक नळी सोडतात, ती पाच किंवा सहा इंच व्यासाची असते. वरच्या टोकाला पाऊस आणि पक्षी अडवणारी टोपी, खालच्या टोकाला पोकळी बंद करणारा पत्रा. नळीने दुसरेही काम होते. उघड्या आगीचा धूर भरपूर हवेबरोबर झपाट्याने वर जातो; बंद स्टोव्हचा धूर थोडा आणि मंद असतो. रुंद, थंड विटांच्या धुराड्यात तो वाटेतच गार पडतो आणि आतून डांबरासारखा चिकट थर धरतो. हा थर एखाद्या रात्री पेटला की धुराडे भट्टीसारखे घोंघावू लागते. अरुंद नळी गरम राहते, धूर चढता राहतो. स्टोव्हच्या पुढे न जळणारी दगडी फरशी हवी. त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा कायद्याने सक्तीची. पाच किलोवॅटहून मोठा स्टोव्ह असेल तर जुन्या घरात बाहेरची हवा आत घेणारे, कायम उघडे राहणारे भोक भिंतीला पाडावे लागते. (पाच किलोवॅट म्हणजे न्हाणीघरातले अडीच गीझर एकदम लावल्यासारखे.) ऊब आणण्यासाठी भिंतीला भोक पाडणे कोणाला आवडेल? म्हणून दुकानात ४.९ किलोवॅटच्या स्टोव्हची रांग लागलेली असते. नियम आणि बाजार यांचे नाते सगळीकडे सारखेच. काम करणारा माणूस 'हेटास'सारख्या नोंदणी संस्थेचा सभासद असला तर तोच प्रमाणपत्र देतो. नाहीतर नगरपालिकेकडून तपासणी करून घ्यावी लागते. सगळे मिळून दोन ते चार हजार पौंड खर्च येतो.

हा खर्च लोक का करतात? २०२२ पर्यंत या प्रश्नाचे उत्तर 'हौस' असे होते. त्या वर्षी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युरोपातल्या वायूच्या किमती भडकल्या. सर्वसाधारण घराच्या वीज आणि गॅसच्या वार्षिक बिलाची कमाल मर्यादा ऑक्टोबर २०२२ साठी ३५४९ पौंड ठरली. सरकारने मध्ये पडून ती २५०० पौंडांवर रोखली नसती तर हाहाकार उडाला असता. स्टोव्हच्या दुकानांत गर्दी झाली. 'उद्या गॅस तुटला तर निदान एक खोली तरी गरम राहील' या भीतीत काही वावगे नव्हते. टंचाईच्या दिवसांत चार गोण्या कोळसा परसात टाकून ठेवणारी आपली आजीही हेच म्हणाली असती. आकडे मात्र वेगळी गोष्ट सांगतात. ब्रिटिश सरकारने करून घेतलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार सुमारे आठ टक्के लोक घरात लाकूड वा कोळसा जाळत होते आणि त्यांतले जवळजवळ निम्मे वरच्या उत्पन्नगटातले होते. ज्यांना दुसरे साधनच नाही असे फार थोडे. लंडनच्या हवेतील लाकडाच्या धुराचे प्रमाण शनिवार-रविवारी संध्याकाळी चढते, असेही मोजमापांतून दिसले आहे. थंडी काही आठवड्याचा वार बघून पडत नाही.

आता धुराचा हिशेब. लंडनला धुराचा धडा द्यावा लागू नये. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत तिथे कोळशाच्या धुराचे आणि धुक्याचे असे झाकण बसले की बसच्या पुढे माणूस हातात दिवा धरून चालत होता. त्या वेळी सुमारे चार हजार मृत्यू मोजले गेले. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यातून १९५६चा स्वच्छ हवा कायदा झाला आणि शहराशहरांत 'धूरनियंत्रित भाग' आखले गेले. त्या भागात साधे लाकूड जाळायचे तर सरकारी यादीतल्या, कमी धुराच्या स्टोव्हमध्येच जाळता येते. म्हणजे उघडी फायरप्लेस बेकायदा आणि तिच्यात बसवलेला नवा स्टोव्ह कायदेशीर. जानेवारी २०२२ पासून नव्या स्टोव्हला 'इकोडिझाइन'ची आणखी कडक मोजपट्टी लागली. त्याआधी मे २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये ओल्या लाकडाच्या छोट्या विक्रीवर बंदी आली. वीस टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. आपल्या कोकणात पावसाळ्यापूर्वी अगोटीची बेगमी करताना सरपण आधी माळ्यावर चढते, ते याच कारणाने. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते; ते पाणी उकळवण्यातच जाळ खर्ची पडतो आणि घर धुराने भरते. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईला हे सांगायला मोजपट्टी लागली नाही.

एवढे नियम, एवढी सुधारणा. मग भांडण कशाचे? इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांच्या २०२२च्या वार्षिक अहवालाने हे भांडण पेटवले. नव्यातला नवा स्टोव्ह घ्या, कोरडे लाकूड घाला. तरी तेवढ्याच उष्णतेमागे तो गॅसच्या बॉयलरच्या सुमारे ४५० पट सूक्ष्म कण सोडतो, असे त्या अहवालातल्या तुलनेतून दिसले. हे कण म्हणजे 'पीएम २.५', केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहून बारीक, फुप्फुसातून थेट रक्तात उतरणारे. स्टोव्ह विकणारे म्हणतात, आमचा स्टोव्ह उघड्या आगीपेक्षा कितीतरी कमी धूर सोडतो. तेही खरे आहे. दोन्ही बाजूंचे आकडे खरे असून दोघे एकमेकांना खोटे म्हणतात, याचे कारण एकच: कशाच्या तुलनेत, हे कोणी आधी बोलत नाही.

मला हा या वादातला कळीचा मुद्दा वाटतो. एखादे घर रोज उघडी फायरप्लेस पेटवत होते आणि त्यांनी तिच्यात बंद स्टोव्ह बसवला, तर लाकूड वाचले, धूर घटला, गल्लीचे भले झाले. तोच स्टोव्ह चाळीस वर्षे फळी ठोकलेल्या फायरप्लेसमध्ये बसवला, तर गल्लीत एक नवे धुराडे सुरू झाले. यंत्र तेच, नळी तीच, प्रमाणपत्र तेच. एका घरी ती सुधारणा, दुसऱ्या घरी पीछेहाट. कायदा मात्र दोघांकडे एकाच नजरेने पाहतो, कारण तो फक्त स्टोव्हचे नाव यादीत आहे की नाही एवढेच विचारतो. आणि खरेदीदारांतले पुष्कळसे दुसऱ्या प्रकारचे आहेत, हे दुकानदारही खाजगीत नाकारणार नाही.

आकड्यांबाबतही सावध राहायला हवे. ब्रिटनमधल्या पीएम २.५ पैकी अडतीस टक्के घरगुती लाकूड-कोळशातून येतात, असे काही वर्षे सगळीकडे छापून येत होते. पुढे लोक प्रत्यक्षात किती लाकूड जाळतात याची नव्याने पाहणी झाली आणि २०२० सालासाठी लाकडाचा वाटा सतरा टक्क्यांच्या आसपास आला. स्टोव्हवाल्यांनी विजय साजरा केला. पण आठ टक्के घरांच्या आगीतून सहावा हिस्सा येत असेल, तर त्यात साजरे करण्यासारखे काय आहे? त्या घरांपैकी बहुतेकांकडे गॅसचा बॉयलर चालू स्थितीत असताना?

धूर फक्त शेजाऱ्याच्या घरात जातो असेही नाही. शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये घराघरांत मोजमापे ठेवली. स्टोव्ह पेटलेला असताना खोलीतल्या सूक्ष्म कणांची पातळी, तो न पेटवलेल्या वेळच्या सुमारे तिप्पट निघाली. लाकूड घालायला दार उघडले की धुराचा लोट खोलीत येतो. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो गप्प झाला. त्याच्या धाकट्या मुलीला दम्याचा त्रास आहे आणि ती त्याच खोलीत अभ्यासाला बसते. दक्षिण लंडनमध्ये २०१३ साली एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दम्याने गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. तो धूर मुख्यतः वाहनांचा होता; पण त्यानंतर तिथल्या दमेकरी मुलांच्या आईबापांनी हवेकडे पूर्वीच्या नजरेने पाहिलेले नाही.

भारताचा अनुभव इथे उपयोगी पडतो. १९८३ पासून आपल्याकडे राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम चालला, २००२ मध्ये केंद्राने तो आवरता घेतला. तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. सुरुवातीला मुख्य हेतू धुराचा नव्हता. जंगल वाचवायचे होते. चुलीला धुराडे लावले की तिला 'निर्धूर' म्हणायचे, हा सरकारी भाषेचा चमत्कार. धूर नाहीसा होत नसे, फक्त छपराच्या वर जाई आणि वारा पडला की पुन्हा ओटीवर उतरे. डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या 'आरती' या पुण्याच्या संस्थेने साच्यातून चुली घडवण्याच्या पद्धती बसवल्या, गावोगावच्या कारागिरांना शिकवल्या. तिथे काम मन लावून झाले. पण सरकारी लक्ष्यपूर्तीत चुली बांधल्या जात आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांचे पाइप काजळीने भरून बंद पडत. ओडिशात एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुधारित चुलींचा चार वर्षे पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धुराशी येणारा संबंध कमी झाला, नंतर फायदा विरून गेला. कारण चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, साफ केल्या गेल्या नाहीत. प्रयोगशाळेत सुकलेले लाकूड, शिकलेला माणूस आणि नवी चूल असते. घरात ओले फाटे, दमलेली बाई आणि तडकलेली चूल असते. 'इकोडिझाइन'चे प्रमाणपत्र हेही प्रयोगशाळेतच मिळालेले असते. रात्री झोपताना झडप बंद करून स्टोव्ह धुमसत ठेवणारा माणूस त्या परीक्षेला बसलेला नसतो, आणि नेमका तेव्हाच धूर सर्वांत जास्त होतो.

कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने सहकाऱ्यांसह गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या वाट्याला किती धूर येतो ते मोजले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास या विषयातला पहिल्या काही अभ्यासांपैकी. आयुष्यभर चुली सुधारण्यावर काम केलेल्या या माणसाने शेवटी मांडले ते असे की, उपलब्ध इंधन स्वच्छ करण्याचा खटाटोप करण्यापेक्षा स्वच्छ इंधन उपलब्ध करून द्यावे. गरिबांनी सुधारित चुलीवर का समाधान मानावे? २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. दुसरे सिलिंडर परवडत नाही म्हणून कित्येक घरांत आजही चूल पेटते, हा वेगळा लेख होईल. पण दिशा ठरली: लाकडाकडून गॅसकडे. इंग्लंडमधले सुखवस्तू घर त्याच रस्त्याने उलट चालत आहे, आणि त्याला निसर्गाकडे परतणे म्हणते.

लाकडाच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद आहे, तो टाळणे बरे नव्हे. गॅस हे जमिनीतून काढलेले इंधन, त्याने पृथ्वी तापते. लाकूड पुन्हा उगवते. तत्त्वतः खरे. पण तोडलेल्या झाडाइतके नवे झाड वाढायला अनेक दशके लागतात आणि तापमानवाढ तोवर थांबत नाही. दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे आणि तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आला. तिथल्या सरकारने एप्रिल २०२४ पासून नव्या घरांत लाकडाचे स्टोव्ह जवळजवळ बंद केले होते. हायलँड्समधल्या लोकांनी उठाव केला. नोव्हेंबर २०२१च्या अर्वेन वादळात तिथे कित्येक दिवस वीज नव्हती आणि लाकडाच्या स्टोव्हनेच म्हातारीकोतारी तगली, हे कोणी विसरले नव्हते. सरकारला माघार घ्यावी लागली. जानेवारी २०२५ पासून ती बंदी उठली. ते योग्यच झाले. जिथे दोन घरांमध्ये एक मैल अंतर आहे आणि गॅसची नळी पोहोचलेली नाही, तिथल्या जाळाला आणि शहरातल्या दिवाणखान्यातल्या जाळाला एकच नियम लावणे हा आळस आहे.

आपल्या मुंबईत याची दुसरी बाजू पाहायला मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश दिला. पाववाल्याची भट्टी ही त्याची भाकरी. ती बदलायला लाखो रुपये लागतात आणि लाकडाच्या भट्टीतल्या पावाची चव गॅसवर येत नाही, हेही खोटे नाही. तरी त्याला मुदत मिळाली ती सहा महिन्यांची. इंग्लंडमध्ये २०२३ साली पीएम २.५ चे कायदेशीर लक्ष्य ठरले ते २०४० पर्यंत घनमीटरला दहा मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा पाच आहे. स्टोव्हची धुराची मर्यादा तासाला पाच ग्रॅमवरून तीनवर आणण्याचा विचार २०२३ मध्येच जाहीर झाला. धूरनियंत्रित भागात धुराडे धुमसले तर १७५ ते ३०० पौंडांचा दंड आहे. तक्रारी हजारोंनी येतात, दंड मोजकेच होतात. रात्री आठ वाजता कोणाच्या छपरातून धूर निघतो ते पाहायला नगरपालिकेचा माणूस जात नाही.

माझ्या मते तिथल्या नगरपालिकांनी प्रमाणपत्र देण्यापूर्वी तीन साधे प्रश्न विचारायला हरकत नव्हती. या घरात आज गॅस किंवा विजेची ऊब आहे का? ही फायरप्लेस गेल्या पाच वर्षांत पेटली होती का? आणि धुराड्याच्या तोंडापासून शेजाऱ्याची वरच्या मजल्याची खिडकी किती फुटांवर आहे? धुराड्याची उंची छपराच्या हिशेबाने ठरते. पलीकडच्या घरात कोण झोपते याचा रकाना कोणत्याही अर्जात नाही. भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या ओळीत तो पहिला असायला हवा होता. भाच्याच्या घरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो', दुसऱ्याचे 'नाही' आणि तिसऱ्याचे अकरा फूट. धुराडे झाडून झाले होते, नळीचे पैसेही आगाऊ दिले होते. त्या पैशांत त्याने छपराखाली लोकरीचे जाड अस्तर घालून घेतले आणि खिडक्यांच्या फटी बुजवल्या. नळीवाल्याने दोनशे पौंड कापून बाकी परत केले.